१९४१ नंतर पत्रं का थांबली? चिनी मूळगाव शोधायला निघालेल्यांसाठी

डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून माझगावात शिरलं की नवाब टँक रोडच्या बाजूला एक छोटी दुमजली इमारत लागते. वरच्या मजल्यावर क्वान कुंग देवाचं देऊळ. १९१९ सालचं. वस्तीतले लोक त्याला ‘चायनीज मंदिर’ म्हणतात, खरं नाव ‘सी यप कून’. माझं सासर या देवळाशी जोडलेलं, तरी ‘सी यप’ म्हणजे काय हे मला लग्नानंतर बारा वर्षांनी कळलं. चार तालुके! दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले ताइशान, शिनहुई, काइपिंग आणि एनपिंग. मूळगावाचा अर्धा पत्ता देवळाच्या नावातच होता, आणि आम्ही घरातली कपाटं उपसत बसलो होतो.

माझे आजेसासरे बोटीवर सुतार होते. ताइशानहून हाँगकाँग, तिथून मुंबई. त्यांचं गाव शोधायला आम्ही दोन वेळा गेलो, पहिल्यांदा चुकीच्या गावात जाऊन आलो. त्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहिते आहे. कुणी चिनी वंशाच्या घरात लग्न करून आलेलं असेल, कुणाचे शेजारी किंवा मित्र ‘आमचं गाव शोधायला मदत कर’ म्हणाले असतील, कुणी नुसतं कुतूहल म्हणून वाचत असेल. सगळ्यांना कामाची पद्धत तीच.

घरातली कागदपत्रं: काय आहे, आणि काय नाही

सुरुवात घरातूनच. जुने पासपोर्ट, परकीय नागरिक म्हणून केलेल्या नोंदणीचे कागद, लग्नाचे फोटो आणि फोटोंच्या मागची अक्षरं. घरच्यांना चिनी वाचता येत नसेल तरी एकही चिठ्ठी टाकू नका. दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

सी यप भागातून बाहेर गेलेले पुरुष घरी पैसे पाठवत ते पत्रासकट. तिकडे त्याला ‘यिनशिन’ म्हणतात, म्हणजे चांदीचं पत्र. शेजारच्या फूच्येन प्रांतात आणि ग्वांगडोंगच्याच छाओशान भागात त्यालाच ‘छ्याओपी’. किती रक्कम पाठवली ते लिफाफ्यावरच लिहिलेलं असे, आणि पैसे मिळाल्याची पोच म्हणून घरून उलट पत्र येई. युनेस्कोने २०१३ मध्ये या पत्रांचा ‘जागतिक स्मृती’ यादीत समावेश केला. मुंबईत किंवा कोलकात्यात तुमच्या हाती लागतील ती बहुतेक पोचपत्रं. मूळ पत्रं गावाकडे गेलेली.

आता मुद्द्याची गोष्ट. पत्रं वाचण्याआधी ती तारखेप्रमाणे लावा, आणि खंड कुठे पडलाय ते बघा. आमच्याकडे एकूण अकरा पोचपत्रं निघाली. सासूबाईंच्या शिवणयंत्राच्या खणात, बॉबिन आणि हुकांच्या डब्याखाली ती होती, म्हणून वाचली. बाकीची १९६२ च्या युद्धानंतर घरच्यांनीच न्हाणीघरात जाळली होती. त्या वेळी चिनी अक्षरांचा कागद घरात असणंच जोखमीचं वाटे. देशभरातले सुमारे तीन हजार चिनी वंशाचे लोक राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले होते, ते ऐकून मुंबईतही धास्ती होतीच. गंमत म्हणजे, याला गंमत म्हणवत नाही पण, चारच वर्षांनी माओच्या सांस्कृतिक क्रांतीत तिकडच्या नातेवाइकांनीही परदेशातली पत्रं जाळली, कारण तिथे परदेशी नातं हा संशयाचा विषय झाला होता. दोन्ही टोकांना एकच राख.

तर आमच्या अकरा पत्रांत दहावं पत्र १९४१ च्या शरद ऋतूतलं आणि अकरावं थेट १९४६ चं. दहाव्याचं अक्षर वळणदार, जुन्या पद्धतीचं. अकराव्याचं अक्षर वेगळं, आणि त्यात आजेसासऱ्यांच्या आईचा उल्लेखच नाही. खुशाली नाही, मरणाची बातमीही नाही. आमचा सगळा प्रवास या दोन कागदांच्या मधल्या जागेचा.

तारखा कशा वाचायच्या

जुन्या पत्रांवर इसवी सन नसतो. ‘मिन्गुओ ३०’ असं काहीतरी असतं. मिन्गुओ म्हणजे चिनी प्रजासत्ताक, त्याचं पहिलं वर्ष १९१२. आपण शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो, तसे इथे १९११ मिळवायचे: मिन्गुओ ३० म्हणजे १९४१. महिना-दिवस बहुतेक वेळा चांद्र पंचांगाचे, त्यामुळे ‘आठवा महिना’ म्हणजे ऑगस्ट नव्हे, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर. वयही तसंच बेताने घ्या. जुन्या रीतीने मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि नव्या वर्षाला आणखी एक वाढतं. कबरीवर ‘५८ वर्षं’ असेल तर आपल्या हिशोबाने ५६ किंवा ५७.

आडनाव अक्षरात शोधा, उच्चारात नाही

एकच अक्षर मँडरिनमध्ये (चीनची प्रमाण भाषा) ‘हुआंग’, दक्षिणेतल्या कँटोनीजमध्ये ‘वाँग’, फूच्येनकडे ‘उई’ किंवा ‘ङ्ग’. ‘चेन’चा ‘चान’ आणि ‘तान’ होतो. त्यात मुंबईच्या बंदरावरच्या कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. इंग्रजी स्पेलिंगवरून शोध घेतलात तर चार वर्षं फुकट जातील. घरातला एखादा शिक्का, देवळातली वर्गणीची यादी, लग्नपत्रिका, कुठूनही मूळ चिनी अक्षरं मिळवा.

उलट्या बाजूने हीच गोष्ट आपल्या माणसाबद्दल घडते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १ सप्टेंबर १९३८ ला मुंबई बंदरातून भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर निघाले (पाच डॉक्टरांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते), ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले. चीनमध्ये ‘कोटणीस’ विचारलंत तर कुणी ओळखणार नाही. तिथे ते ‘के दिहुआ’. त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. उत्तरेकडे जाणार असाल तर श-च्याचुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, पण टॅक्सीवाल्याला नाव अक्षरांत दाखवा.

आडनावाइतकंच मोलाचं दुसरं एक अक्षर असतं. अनेक घराण्यांत पिढ्यांची कविता असते आणि पहिल्या पिढीतल्या सगळ्या मुलग्यांच्या नावात कवितेचं पहिलं अक्षर, पुढच्या पिढीत दुसरं, अशी रीत असते. आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्या नावात एक अक्षर सारखं दिसलं तर ते हेच. वहीत मोठं करून लिहून ठेवा. चुकीच्या गावात आमची सुटका त्यानेच केली.

कबरी

अँटॉप हिलला चिनी दफनभूमी आहे. परक्या मुलखात मेलेल्या माणसाच्या दगडावर बहुधा त्याचा तालुका आणि गाव कोरलेलं असतं, कारण हाडं कधीतरी परत न्यायची असत. हे नुसतं मनात नसे. जगभरातून अस्थी आणि शवपेट्या हाँगकाँगच्या तुंग वा संस्थेच्या शवपेटीगृहात येत आणि तिथून गावोगाव जात. जपानशी झालेल्या युद्धाने आणि पुढे १९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्ता आल्यानंतर तो रस्ता आटला. दगडाचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, अक्षरं उठून दिसतात. खडू घासू नका, चुना लावू नका. देखरेख करणाऱ्याला आधी विचारा.

तालुक्याचं नाव ‘शिननिंग’ दिसलं तर गोंधळू नका. ताइशानचं १९१४ पर्यंतचं नाव तेच होतं.

मुंबईत बसून काय सापडतं

वंशावळीचे ग्रंथ, तिकडे ‘त्सूपू’ किंवा ‘च्यापू’. आपल्याकडे चित्पावन घराण्यांचे छापील कुलवृत्तांत असतात ना, जवळजवळ तीच चीज: घराण्याचा मूळपुरुष, शाखा, कोण कुठे गेलं, कुणाला पुरलं कुठे. सर्वांत मोठा साठा शांघाय ग्रंथालयात आहे. ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावरही चिनी वंशावळींची लाखो पानं विनामूल्य बघता येतात, फक्त खातं उघडावं लागतं. शोध चिनी अक्षरांतच घ्या: आडनाव, तालुका, जमलं तर गाव.

दोन सूचना. मुली जुन्या त्सूपूत बहुधा नसतात, सुनांचं नुसतं माहेरचं आडनाव असतं. म्हणजे आजीच्या बाजूने शोधत असाल तर ग्रंथ तुम्हाला तिथवर नेणार नाही, तिच्या भावांना शोधा. आणि नोंदींत ‘बाहेर गेला’, ‘पुढे वंश नाही’ असे छोटे शेरे येतात. १९४३ च्या आसपास एकाच शाखेत असे पाच-सहा शेरे लागोपाठ दिसले तर तिथे थांबा. का, ते पुढे सांगते.

जाण्याची तयारी

भारतीयांसाठी चीनचा पर्यटन व्हिसा जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू झाला आहे. हाँगकाँगला वेगळा नियम: जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, मग १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. हाँगकाँगहून मुख्य भूमीत शिरायला चीनचा व्हिसा लागतोच.

ग्वांगझोऊ दक्षिण स्टेशनवरून ताइशान आणि काइपिंग दक्षिण इथे जलद गाड्या जातात. पासपोर्ट हेच तिकीट, नंबर बरोबर टाका. पैसे सगळीकडे मोबाइलवर. अलीपे किंवा वीचॅटला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड घरी असतानाच जोडा आणि भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवा, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत. नकाशासाठी तिथलंच ॲप घ्या आणि गावाची अक्षरं त्यात आधीच जपून ठेवा. नातेवाइकांनी घरी राहायचा आग्रह केला तर आनंदाने राहा, पण २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करा. हॉटेलवाले ती आपोआप करतात, घरी राहिलात तर जबाबदारी तुमची.

केव्हा जावं? एप्रिलच्या ४-५ तारखेला छिंगमिंग असतो, पितरांच्या कबरी झाडण्याचा दिवस. आपला सर्वपित्रीचा दिवसच समजा, फक्त कावळ्याऐवजी अख्खं भाजलेलं डुक्कर आणि फटाके. पांगलेलं भावकीतलं प्रत्येक माणूस त्या आठवड्यात गावी येतं. गर्दी प्रचंड, पण वर्षभर न भेटणारी माणसं एका ओसरीवर भेटतात. १ ऑक्टोबरचा सुट्टीचा आठवडा मात्र टाळा. त्यात गर्दी पर्यटकांची असते, भावकीची नाही.

गावात

गावाच्या नावाने फसू नका. ताइशानात एकाच नावाची अनेक गावं आहेत. आम्ही एका वाटाड्याच्या भरवशावर पहिल्याच गावात शिरलो, तिथल्या लोकांनी संत्री सोलून हातात दिली, चहा पाजला, फोटो काढले. तासाभराने एका आजोबांनी आमच्या वहीतलं पिढीचं अक्षर बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यांच्या कवितेत ते अक्षरच नव्हतं. त्यांनी आम्हाला नऊ किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावाचं नाव लिहून दिलं, वर डब्यात संत्री भरून दिली. म्हणून आधी तालुक्याच्या ‘छ्याओल्येन’ कार्यालयात जा. परदेशस्थ चिन्यांसाठीचं हे मंडळ आहे, मूळगाव शोधत येणारे लोक त्यांना रोजचे. गाव, जुना मंडल, पिढीचं अक्षर असं सगळं एका कागदावर चिनीत लिहून न्या.

गावात पोचल्यावर कुणाचं दार वाजवण्यापेक्षा कुलमंदिराकडे चला. दुपारी म्हातारी मंडळी तिथेच माहजाँग खेळत बसलेली असतात. वयस्क पुरुषाला कँटोनीजमध्ये ‘आ-पाक’, आजीला ‘आ-पो’ म्हटलंत की अर्धं काम झालं. भेट दोन्ही हातांनी द्या. फळं, काजू, चहा चालतं. घड्याळ नको, त्याचा उच्चार मरणाच्या शब्दाशी जुळतो. ताइशानची बोली मँडरिनपासून फार दूर, कँटोनीजपासूनही बरीच वेगळी. मोबाइलचं भाषांतर ॲप आजीसमोर मुकं होतं. घरातल्या शाळकरी नातवाला मध्ये बसवा.

युद्धाबद्दल कसं विचारायचं

‘युद्धात काय झालं?’ असं विचारलंत की पाठ्यपुस्तकातलं उत्तर मिळतं: नानजिंग, १३ डिसेंबर १९३७, जपानी सैन्याने शहर घेऊन केलेलं हत्याकांड. ती शोकांतिका खरी आणि मोठी, नानजिंगचं स्मारक (१९८५ साली उघडलं) एकदा बघावंच. पण तुमच्या घरचं युद्ध तिथे सापडेलच असं नाही. सी यपमधल्या घरांचं युद्ध बऱ्याचदा पोस्टाने आलं, किंवा यायचं थांबलं. २५ डिसेंबर १९४१ ला हाँगकाँग जपान्यांच्या हाती पडलं. परदेशातून येणारा पैसा हाँगकाँगमार्गेच येई, तो बंद झाला. निम्म्या गावाचं पोट त्या पैशावर चाले. जपानी फौजांच्या धाडी होत्याच, त्यात १९४३ ला दुष्काळ पडला. ताइशानात माणसं भुकेने मेली, बायका चालत दुसऱ्या प्रांतात गेल्या, पोरं विकली गेली. त्सूपूतले ते लागोपाठचे शेरे बहुतेक त्या सालचे.

आपल्याकडे ‘बहात्तरच्या दुष्काळात मी तिसरीत होतो’ म्हणतात, तशा त्यांच्याही खुणा आहेत. ‘जपान्यांपासून पळालो ते वर्ष’ म्हणून बघा. हाँगकाँगशी संबंध असेल तर ‘तीन वर्षं आठ महिने’ एवढे शब्द पुरतात, जपानी अमलाचा काळ तिथे याच नावाने ओळखतात. आणि खाण्याबद्दल विचारा. आम्ही नव्वदीच्या एका आ-पोला विचारलं, ‘पैसे यायचे थांबले तेव्हा चुलीवर काय असायचं?’ ती लगेच उठली आणि मागच्या परसात घेऊन गेली. केळीचा बुंधा दाखवला, हाताने मातीखालचा गड्डा कसा खणायचा ते करून दाखवलं, मग दोन बोटांत चिमूट धरली: भाताचा कोंडा एवढा, बाकी गड्डा. तिच्या नखांत माती गेली होती, ती झटकत झटकत म्हणाली, तुमच्या घरची म्हातारी शेवटी शेवटी दारातच बसायची, टपालवाला ज्या बाजूने यायचा त्या बाजूला तोंड करून. अकराव्या पत्रात जिचा उल्लेख नव्हता ती.

रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या. घरातला कुणी राष्ट्रवादी सैन्यात (पुढे कम्युनिस्टांकडून हरलेल्या चँग कै-शेकच्या) होता असं कळलं तर चारचौघांत खोदू नका. अशा घरांनी पुढे त्याची किंमत मोजलेली असते, गणवेशातले फोटो कापून टाकलेले असतात. कापलेला फोटो दिसला तर तोही तसाच टिपून ठेवा.

शेजारच्या काइपिंगला एक दिवस द्या. परदेशातल्या पैशातून दरोडेखोर आणि पूर यांच्यापासून बचावासाठी बांधलेले उंच बुरूज-वाडे, ‘त्याओलोउ’, इथे १८०० हून अधिक उरले आहेत आणि त्यांतले निवडक २००७ पासून जागतिक वारसा आहेत. बहुतेक जण त्सिली गावात फोटो काढून परततात. मी म्हणेन, छीखानजवळच्या ‘नानलोउ’ला जा. सितू आडनावाच्या भावकीने १९१२ साली नदीकाठी बांधलेला हा बुरूज. जुलै १९४५ मध्ये, जपानच्या शरणागतीला महिनाही उरला नव्हता तेव्हा, त्याच भावकीतले सात जण आत अडकून दिवसेंदिवस लढले, शेवटी विषारी वायूच्या माऱ्याने पकडले गेले आणि छीखानात मारले गेले. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. एकाच आडनावाची सात नावं वाचताना हे सैन्य नव्हतं, भावकी होती, हे लक्षात येतं.

पूर्वज आग्नेय आशियातून आलेले असतील तर मात्र युद्धाच्या खुणांची वाट युन्नान प्रांताची. १९३९ मध्ये सिंगापूरचे चिनी उद्योगपती तान का की यांच्या हाकेवरून तीन हजारांहून अधिक चालक आणि मेकॅनिक मलाया-सिंगापूरकडून बर्मा रोडवर, चीनला युद्धाची रसद पुरवणाऱ्या रस्त्यावर, ट्रक चालवायला गेले. त्यांचं स्मारक खुनमिंगच्या शीशान डोंगरावर आहे.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यातच सगळं लिहून काढा, कोण कुणाचं काय लागतं ते चार महिन्यांनी आठवत नाही. काढलेल्या फोटोंच्या छापील प्रती गावी पाठवा. मोबाइलवर पाठवलेले फोटो नातवंडांकडे राहतात, आजीच्या हातात कागदच लागतो. पत्ता हाताने उतरवू नका, एक रेघ चुकली तर दुसरं अक्षर होतं. तिकडच्या कुणाकडून टाइप करून घ्या, छापून लिफाफ्यावर चिकटवा, खाली रोमनमध्ये ‘चायना’ लिहा म्हणजे आपल्या पोस्टाला कळेल. तिकडचा पिनकोडही सहाच आकड्यांचा असतो. आम्ही परसातल्या केळीजवळचा आ-पोचा फोटो आणि दहाव्या, अकराव्या पत्राच्या झेरॉक्स माझगावच्या पोस्टातून रजिस्टर केल्या. पाकीट पोचायला तेवीस दिवस लागले. पोच आली ती मोबाइलवर, नातवाने पाठवलेला फोटो: टेबलावर आमचा लिफाफा, शेजारी संत्र्यांची परडी.